रजोनिवृत्तीपूर्व अतिरक्तस्राव (गोंदिया जिल्हा)

पाळी कायमची थांबण्याआधीच्या काही वर्षांत, साधारण चाळिशीनंतर, होणारा जास्त, लांबलेला किंवा अनियमित रक्तस्राव. बीजमोचन अनियमित झाले की प्रोजेस्टेरॉन कमी पडते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि मग एकदम सुटते. गाठी (फायब्रॉइड), पॉलिप, थायरॉइडचे विकार व क्वचित कर्करोग ही इतर कारणे होत.

तासातासाला पॅड भिजणे, मोठ्या गुठळ्या पडणे, ७ दिवसांहून अधिक अंगावरून जाणे ही लक्षणे. श्रावणात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईला कापड बदलायला आडोसाही मिळत नाही. तरीही ‘वयाचंच आहे’ असे म्हणत त्रास अंगावर काढला जातो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने थकव्याचे सगळे खापर पाळीवर फोडू नये. हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची तपासणीही करावी. सिकलसेल असल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड किंवा इस्ट्रोजेन देण्याआधी डॉक्टरांना ठाऊक असलेच पाहिजे.

सोनोग्राफी व गरजेनुसार अस्तराचा तुकडा तपासून निदान होते. गोळ्या किंवा लिव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त तांबी यांनी पुष्कळ जणींचा रक्तस्राव आटोक्यात येतो. गर्भपिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे.

हार्मोन उपचार सुरू केल्यावर पहिले ३ ते ६ महिने थोडेफार डाग पडू शकतात. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन द्यावेच लागते. उपचारात जोराचा रक्तस्राव झाला, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर तपासणी टाळू नये. गोंदिया शहरात यासाठी बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय हे शासकीय रुग्णालय आहे.