चेहऱ्यावाचून भित्तिपत्रक

सुपरहिरोंच्या चित्रपटांची भित्तिपत्रके कालानुक्रमाने शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर एक गोष्ट प्रथम नजरेत भरते. ज्या देहाच्या अचाट सामर्थ्यावर हा सारा व्यवसाय उभा राहिला, तो देहच या चित्रांतून हळूहळू अंतर्धान पावत गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी एक चिन्ह येऊन बसले. हा फेरफार चित्रकारांच्या अभिरुचीमुळे झाला असे मानण्याचा मोह होतो खरा. पण या कुळाचे जुने दफ्तर चाळू लागले की करारनामे, छपाईच्या वहिवाटी आणि नटांच्या नावांचा क्रम यांचा त्यातील वाटा कुंचल्याच्या वाट्याहून फारसा कमी नाही, हे ध्यानात येते.

या कुळाचा मूळपुरुष भित्तिपत्रक नव्हे, तर एक मुखपृष्ठ आहे. १९३८ च्या जून महिन्याची तारीख ल्यालेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो शुस्टरने काढलेला निळ्या पोशाखातील, तांबड्या झग्याचा इसम एक हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे; मोटारीचे एक चाक निखळले आहे, आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक मनुष्य दोन्ही हातांनी डोके गच्च धरून, तोंड वासून, जणू कागदाबाहेर पळत सुटला आहे. त्या पळणाऱ्या माणसाकडे मला पुनःपुन्हा पाहावेसे वाटते. कारण उचललेल्या मोटारीने जे सांगायचे ते सांगून झाल्यावर त्या सामर्थ्याचे भय वाचकापर्यंत पोहोचवण्याची कामगिरी त्याच्याकडे आहे. सुपरमॅन म्हणजे कोण हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून १० सेंटांच्या त्या अंकाला आपल्या नायकाची संपूर्ण ओळख, देह, पराक्रम आणि परिणाम यांसह, एका चित्रात करून द्यावी लागली. या पात्राचे जनक जेरी सीगल आणि शुस्टर या दोघा तरुणांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना लिहून दिले होते, हा तपशील पुढे कज्जेदलालीत वारंवार उगाळला गेला.

हे दोघेही ओहायो राज्यातील क्लीव्हलंडचे रहिवासी, आणि सर्कशींची व चित्रपटांची भित्तिपत्रके दगडी छापाने काढणारा मॉर्गन लिथोग्राफ हा मोठा छापखानाही त्याच नगरातला. या योगायोगातून काही सिद्ध करता येत नाही. परंतु भडक पिवळी पार्श्वभूमी, ठसठशीत बाह्यरेषा आणि भर आवेशात गोठवलेली एखादी कृती ही सर्कशीच्या भित्तिपत्रकाची भाषा त्या मुखपृष्ठाने आत्मसात केलेली दिसते, आणि थोड्याच वर्षांत ती चित्रपटाकडे परतही गेली. १९४१ मध्ये रिपब्लिक कंपनीने कॅप्टन मार्व्हलची १२ भागांची मालिका पडद्यावर आणली, कोलंबियाने १९४३ मध्ये बॅटमॅनची १५ भागांची आणली, आणि मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत ‘वेताळ’ म्हणून शिरलेला ली फॉकचा फँटमही त्याच वर्षी पडद्यावर अवतरला. (कॅप्टन मार्व्हल आणि फँटम या दोन्ही भूमिका टॉम टायलर या एकाच नटाने केल्या; पोशाख बदलला की देव बदलतो, हे त्या निर्मात्यांनी फार लवकर ओळखले होते.) या मालिकांच्या भित्तिपत्रकांत काटकसर अशी की मुख्य रंगीत चित्र सर्व भागांना एकच छापावयाचे आणि एका चौकटीत तेवढे त्या त्या भागाचे छायाचित्र बदलावयाचे. २७ इंच रुंद व ४१ इंच उंच अशा कागदाच्या घड्या घालून तो गावोगाव धाडला जाई, आणि काम झाल्यावर पुष्कळदा परत मागवला जाई. अशा कागदावर नाजूक छायाप्रकाशाला वाव नव्हता. छाती काढलेला देह रस्त्यापलीकडून दिसला म्हणजे पुरे.

देहाला पहिली रजा मिळाली ती १९७८ च्या ‘सुपरमॅन’च्या वेळी. ‘माय फेअर लेडी’ची भित्तिपत्रके रंगवून नावारूपास आलेला बॉब पीक याच्या चित्रात निळे आकाश आहे, झळाळणारी ‘एस’ अक्षराची ढाल आहे, आणि सुसाट गेलेल्या कशाचा तरी रंगीत प्रकाशपट्टा आहे. नायक मात्र नाही. मनुष्य उडू शकतो याची खात्री पटवून देण्याचे वचन मजकुरात दिले आहे आणि उडणारा मनुष्य दाखवण्याचे हेतुपुरस्सर टाळले आहे, ही युक्ती मोठी विलक्षण होय. पण तिच्यामागे व्यवहारही होता. नायकाचे काम करणारा ख्रिस्तोफर रीव्ह तेव्हा जवळजवळ अज्ञात, तर मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावे त्याच्या आधी झळकवायची; अशा स्थितीत चेहरा कोणाचा काढावा हा प्रश्न निकालात काढण्याचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे कोणाचाच न काढणे.

पीकच्या चित्रात निदान गती तरी उरली होती. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ने तीही पुसून टाकली. काळाभोर कागद, मध्यभागी सोनेरी लंबवर्तुळात पंख पसरलेले काळे वटवाघूळ, आणि खाली २३ जून ही तारीख: चित्रपटाचे नावसुद्धा नाही! कार्माइन इन्फँटिनोने १९६४ साली नव्याने रेखाटलेल्या बॅटमॅनच्या छातीवर वटवाघळाभोवती जे पिवळे लंबवर्तुळ आले, त्याचेच हे वंशज. परंतु कलादिग्दर्शक अँटन फर्स्टने त्याला घडीव धातूची झळाळी आणि वजन दिले. हे चिन्ह मात्र कडेपर्यंत असे ताणले गेले की पूर्वपरिचय नसलेल्या अनेकांना त्यात वटवाघूळ न दिसता सोनेरी दातांचा वासलेला जबडाच दिसू लागला. मला हा दोष वाटत नाही. जे चित्र मनुष्याला दुसऱ्यांदा पाहावयास लावते, त्याने आपल्या वेतनाचे चीज केले. बसथांब्यांच्या काचा फोडून हे भित्तिपत्रक लांबवल्याच्या वार्ताही त्या वर्षी पसरल्या होत्या.

येथेही चेहऱ्याची अडचण होतीच. विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मायकल कीटनची निवड चित्रकथांच्या वाचकांना इतकी खटकली होती की निषेधाच्या पत्रांचा निर्मात्या कंपनीकडे पाऊस पडला. शिवाय श्रेयनामावलीत पहिला मान जोकर साकारणाऱ्या जॅक निकल्सनचा. चिन्हाने हे सारे वाद परस्पर मिटवले. नट वर्षा-दोन वर्षांनी बदलतात (कीटनच्या जागी १९९५ मध्ये व्हॅल किल्मर आला आणि १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनी), पण वटवाघूळ हे कंपनीच्या कायम मालकीचे. ते सदऱ्यावर छापता येते, आणि मेहनताना वाढवून मागत नाही.

यानंतरच्या पिढ्यांत चिन्हाने नवनव्या जागा शोधल्या. ‘स्पायडर-मॅन’चे आगाऊ भित्तिपत्रक २००१ मध्ये निघाले, त्यात मुखवट्याच्या डोळ्यांत न्यूयॉर्कचे जुळे मनोरे प्रतिबिंबित झाले होते; ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते भित्तिपत्रक मागे घेणे भाग पडले. २०१२ च्या ‘द डार्क नाइट रायझेस’च्या भित्तिपत्रकात रस्त्यावरून वर पाहिले असता ढासळत्या इमारतींमधून जे आकाश उरते, त्याचाच आकार वटवाघळाचा आहे. चिन्ह काढलेलेच नाही, भोवतालचे सारे काढून झाल्यावर ते शिल्लक राहिले आहे. या संपूर्ण शाखेतील रचनाकौशल्याचा हा परमोत्कर्ष मी मानतो.

दुसरी शाखा मात्र उलट दिशेने वाढली. एका चित्रपटात अनेक नायक आणि प्रत्येकाचा स्वतंत्र करारनामा, ही मार्व्हल कंपनीची रीत रूढ झाल्यावर चेहरे परतले, आणि असे परतले की लग्नमंडपातील समूहछायाचित्रात कोणत्याही व्याह्याला मागच्या रांगेत उभे करण्याची छाती होऊ नये. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’चे एक भित्तिपत्रक या कारणाने सर्वत्र उपहासाचा विषय झाले: आयर्नमॅन एकदा चिलखतात आणि एकदा उघड्या चेहऱ्याने, खलनायकही तसाच दोनदा. तो खलनायक रंगवणारा नट मायकल कीटन.