डावांचं दप्तर

1855 साली कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरासमोर काळी मोहरी घेऊन बसले. त्यांनी आधी घोडा काढला, मग घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि तिसऱ्या खेळीला वजिराचं प्यादं थेट मध्यभागी आणून भिडवलं. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी 1922 मध्ये मोठ्या स्पर्धांत खेळली आणि त्याचं नाव तिला कायमचं लागलं. मोहेशचंद्रांनी ती त्याच्या सदुसष्ट वर्षं आधी खेळली होती, हे आज ठाऊक आहे ते एकाच कारणाने. कॉक्रेन डाव लिहून घ्यायचा आणि लंडनच्या मासिकाकडे धाडायचा.

आमच्या पांढरकवड्यात, केळापूर तालुक्यात, सगळ्या विदर्भात कापसाचा हंगाम सरला की पट मांडले जायचे. त्या डावांचं काहीच उरलं नाही, कारण लिहिणारं कोणी नव्हतं. मी जिनिंगमध्ये गाठींचा हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलं. नोंद नसली की माल असून नसल्यासारखा, हे मला तिथे कळलं, म्हणून बुद्धिबळाच्या इतिहासात माझं लक्ष जेत्यांपेक्षा कारकुनांकडे जास्त जातं.

आपल्याकडे लिहिणारे मुळीच नव्हते असं नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा संस्कृत ग्रंथ ‘विलासमणिमंजरी’ इंग्रजीत होऊन 1814 साली मुंबईत छापला गेला. एच. जे. आर. मरे यांनी 1913 च्या आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात त्याची दखल घेतली. पण पटावर रचलेल्या युक्त्या छापणं वेगळं आणि दोन माणसं खरोखर खेळली तो डाव पहिल्या चालीपासून टिपणं वेगळं. दुसरी सवय आपल्याला फार उशिरा लागली.

ती लागली तेव्हा लिपीचा गोंधळ होता. जुन्या इंग्रजी पुस्तकांत एकाच घराला दोन नावं असत, पांढऱ्याच्या बाजूने एक आणि काळ्याच्या बाजूने दुसरं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1981 पासून फक्त बीजगणिती पद्धत मान्य केली आणि हा घोळ मिटला. ओपनिंगांची वर्गवारी त्याआधीच बेलग्रेडमध्ये सुरू झाली होती. ‘इन्फॉर्मेटर’ हा निवडक डावांचा संग्रह तिथून 1966 पासून निघत होता. तिथल्याच अलेक्झांडर मातानोविच यांच्या मंडळींनी ओपनिंगांचा कोश केला आणि 1974 पासून त्याचे खंड येऊ लागले. ए ते ई अशी पाच अक्षरं, प्रत्येकात शंभर खाने, एकूण पाचशे. मोहेशचंद्रांचा तो डाव डी 70 ते डी 99 या खान्यांत कुठेतरी बसतो. गाठींवर मार्का टाकताना जी शिस्त लागते तीच ही शिस्त, आणि मला ती मनापासून आवडते.

संगणक आला तेव्हा हॅम्बुर्गच्या चेसबेसने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात डावांचं कोठार विकायला काढलं. उत्तम वस्तू, पण तालुक्याच्या मुलांच्या ऐपतीबाहेरची. आमच्यासारख्यांचं दार उघडलं ते 1993 मध्ये. स्टीव्हन एडवर्ड्स या अमेरिकन माणसाने पीजीएन नावाची साधी मजकुराची पद्धत ठरवून दिली. वर सात ओळी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरी, काळी, निकाल. खाली चाली. कुठल्याही संगणकावर उघडते, कुणाची मालकी नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या मार्क क्राउथरने ‘द वीक इन चेस’ सुरू केलं. त्यातून जगभरच्या ताज्या डावांची फाइल आजही दर आठवड्याला फुकट मिळते.

या फायली मांडायला न्यूझीलंडच्या शेन हडसनने स्किड नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याचा मूळ कोडही सर्वांना खुला ठेवला. पुढे त्याचं काम थांबलं तेव्हा इतरांनी ते उचललं. ‘स्किड व्हर्सेस पीसी’ ही त्यातूनच फुटलेली फांदी. मुक्त सॉफ्टवेअरचा माझ्या लेखी हाच सर्वांत मोठा गुण आहे: कर्ता निघून गेला तरी दप्तर बंद पडत नाही.

रविवारी माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? मी आधी फाइल बघायला सांगतो, नंतर प्रोग्रॅम. सगळे डाव एका दमात पीजीएनमध्ये बाहेर काढता येत नसतील, तर कितीही देखणा प्रोग्रॅम असो, त्यात लेकराची मेहनत कोंडू नये. स्किड आपल्या वेगवान फायली वेगळ्या घडीच्या ठेवतं, पण हवं तेव्हा सगळं पीजीएनमध्ये देतं. जुन्या संगणकावर चालतं, नेट नसलं तरी अडत नाही. एकच डाव दोनदा शिरला असेल तर तो शोधून काढतं. स्टॉकफिश हे विश्लेषणाचं इंजिन, तेही मुक्तच, त्याला जोडता येतं.

रविवारी येणाऱ्या मुलींपैकी एक दर चालीला विचारते, “काका, हे आधी कोणी खेळलं हाये का?” मग स्किडची ‘ट्री’ खिडकी उघडायची. त्या स्थितीतून कोण कुठे गेलं, किती जिंकले, किती बरोबरीत सुटले, सगळं ओळीने दिसतं. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तिचे तिथले डाव आम्ही असेच लावून पाहिले. इथून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. तिथे शिकवणीला जाणं सगळ्यांना झेपत नाही. डाव मात्र पोचतात.

लिचेस या संकेतस्थळावर फ्रान्सच्या थिबो डुप्लेसिसने 2010 पासून उभं केलेलं सारं काही जाहिरातीविना मोफत आहे. त्यातल्या ‘स्टडी’मध्ये एकेका ओपनिंगची प्रकरणं पाडून मुलांबरोबर वाटून घेता येतात. मी स्किड आणि लिचेस दोन्ही वापरतो, पण मूळ प्रत माझ्याजवळच्या पीजीएनमध्ये.

एक अडचण खरी आहे. पीजीएन ठरली तेव्हा पश्चिम युरोपीय भाषांच्या रोमन अक्षरांपलीकडची सोयच ठेवली नव्हती, त्यामुळे नावं रोमनमध्ये लिहावी लागतात. पांढरकवडा हे गावाचं नाव मुलं तीन-चार तऱ्हांनी लिहितात आणि शोधताना अर्धे डाव सापडत नाहीत. स्किडमध्ये नावं एकसारखी करण्याची सोय आहे. स्पर्धा झाली की मी पहिल्यांदा तेच काम उरकतो.

स्पर्धेच्या स्कोअरशीटची कार्बन प्रत खेळाडूकडे राहते. वणी, यवतमाळ, आदिलाबादकडच्या जुन्या खेळाडूंच्या घरी अशा प्रती आणि वह्या अजून असतील. जुन्या पद्धतीत लिहिलेल्याही चालतील, मी त्या बदलून घेतो. रद्दीत देण्याआधी नुसते फोटो काढून पाठवा. डाव टंकून, सात ओळी भरून, फाइल ज्याची त्याला परत मिळेल.