अठरा धान्यांचा घट

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सरळ दिसतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली, सातपुडा आणि पूर्णा नदी यांच्यामधल्या काळ्या रानात जळगाव जामोद तालुक्यातले भेंडवळ हे गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात तिथे घट मांडला जातो. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. मांडणी आजही वाघ घराण्याकडेच आहे.

मातीत गोल आखून त्यात अठरा धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, करंजी, पापड, सांडोळी, कुरडई, आणि शेजारी पानसुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, पानाचा विडा म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे निरीक्षण होते: कोणता दाणा जागचा हलला, कोणते ढेकूळ किती भिजले. मग जमलेल्या शेतकऱ्यांसमोर पाऊस, पीकपाणी आणि राजकारण यांचे भाकीत जाहीर होते.

दरवर्षी चर्चा होते ती भाकीत खरे ठरले की खोटे याची. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्याला आव्हान देतात, आणि ते योग्यच आहे. वाऱ्याने किंवा मुंगीने हललेल्या दाण्याचा मोसमी पावसाशी संबंध असल्याचा कोणताही शास्त्रीय आधार नाही. पण घटाकडे पाहण्याची दुसरी वाट आहे आणि ती जास्त मोलाची वाटते. घटात काय ठेवतात, ते वाचावे.

ज्वारी, बाजरी, भादली, तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी, सरकी, जवस, करडी, लाख, मसूर, हरभरा, गहू... ही जुन्या वऱ्हाडी शेताची हजेरीच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारट, ते पिकाला चालत नाही आणि पिणाऱ्यालाही बाधते. त्यामुळे इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या पावसावर आणि काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर चालली. अशा ठिकाणी एकाच पिकावर घर सोपवणे परवडत नव्हते. मूग गेला तर ज्वारी, ज्वारी गेली तर ओलीवरची करडी किंवा जवस. अगदी काही नाही तर लाख. ती दुष्काळातही तगते, मात्र महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, घटातली तिची जागा मात्र राहिली.

अनेक पिकांची ही घडी कापसाने विस्कटली. १८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली. ज्वारीच्या रानात कापूस शिरला, पेवात साठवायचे धान्य कमी पडू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनंतर, १९०१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली. ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या पुस्तकात लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि उपासमार यांचे हे नाते मांडले आहे. सरकारलाही अंदाजाची गरज याच काळात पटली होती: १८७५मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६पासून हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचे भाकीत द्यायला सुरुवात केली.

पावसाच्या अंदाजासाठी आकाश वाचणारे समाज जगभर आहेत. पेरू-बोलिव्हियातले बटाटा पिकवणारे शेतकरी जूनमध्ये कृत्तिका किती ठळक दिसतात ते पाहून लागवडीची वेळ ठरवतात. तिथे कमी पावसाच्या असणाऱ्या एल निनोच्या वर्षी उंचावरच्या विरळ ढगांमुळे कृत्तिका मंद दिसतात, असे २०००मध्ये ‘नेचर’मधल्या संशोधनाने दाखवले. उत्तर ध्रुवाकडच्या कॅनडातल्या इनुइट वडीलधाऱ्यांनी संशोधकांना वेगळेच दुःख सांगितले: लहानपणी शिकलेल्या खुणांवरून आता हवा ओळखता येत नाही, वारा अचानक फिरतो.

घाटाखालीही ऋतू तसाच बेभरवशाचा होतो आहे. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस होऊन पिकांसह शेतातली मातीही वाहून गेली. आणि आज विदर्भात ज्याच्यावर असंख्य घरे अवलंबून आहेत, ते सोयाबीन परंपरेच्या अठरा धान्यांत नाही.

भेंडवळचे भाकीत दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते, तालुक्याच्या पावसाच्या नोंदी सरकारदरबारी असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा अमरावती विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ही दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावीत, आणि त्यांच्यासोबत गावातल्या म्हाताऱ्यांकडून भादली, लाख, अंबाडी शेवटची कधी पेरली होती तेही लिहून घ्यावे.