गर्भ की गाठ? बीजांडकोशाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आणि कल्याणची यमुना

कल्याण-डोंबिवलीतल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात शिरलात, तर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी प्रथम डोळ्यांत भरते. या यंत्राने वैद्यकजगताला पहिल्यांदा चकित केले ते मात्र गर्भ दाखवून नव्हे, बीजांडकोशाची गाठ दाखवून. आजचा धागा त्या गाठीचा.

प्रश्न फार जुना आहे. बाईचे पोट वाढते आहे. आत गर्भ आहे की गाठ? चरकसंहितेत 'रक्तगुल्म' नावाचा केवळ स्त्रियांना होणारा विकार येतो. लक्षणे गर्भासारखीच, फरक इतकाच की गर्भ हातापायांनी हलतो, गुल्म मात्र सबंध गोळ्यासारखा हलतो. उपचार दहावा महिना उलटल्यावरच करावा, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे गर्भ असेल तर तोवर जन्मलेला असेल! रक्तगुल्म म्हणजेच आजची ओव्हरीची गाठ, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. पण निदानातली ही सावधगिरी दाद देण्याजोगी आहे.

दहा महिने थांबणे सगळ्यांनाच परवडणारे नव्हते. ज्या समाजात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, तिथे विधवेचे वाढलेले पोट गाठीमुळे वाढले आहे, हे कोण ऐकून घेणार होते?

अमेरिकेतही चूक हीच होत होती. केंटकीतल्या जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंना जुळे आहे आणि दिवस उलटून गेले आहेत, असे स्थानिक वैद्यांचे मत पडले. एफ्राइम मॅकडॉवेल यांनी तपासून सांगितले, की गर्भ नाही, बीजांडकोशाची गाठ आहे. बाई थंडीत घोड्यावर बसून सुमारे ६० मैल प्रवास करून त्यांच्या डॅनव्हिल गावी आल्या. डिसेंबर १८०९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही. गाठ अखंड निघेना, म्हणून मॅकडॉवेलनी ती तिथेच फोडली, आतला चिकट द्रव काढला आणि मग पिशवी कापली. एकूण वजन सुमारे १० किलो, वेळ २५ मिनिटे. पाचव्या दिवशी बाई स्वतःचे अंथरूण आवरताना दिसल्या. त्यानंतर त्या तीस वर्षांहून अधिक जगल्या.

तरीही पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकली. १८४६ मध्ये ईथर आले, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली. तेव्हा कुठे चित्र पालटले.

आता फिलाडेल्फियाकडे वळू. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापिका एमलीन क्लीव्हलँड यांनी १८७५ मध्ये बीजांडकोशाची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया केली. मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. आठ वर्षांनी त्याच महाविद्यालयात कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी, दाखल झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांनी दहा दिवसांचे मूल गमावले होते. पुरुष डॉक्टरांपुढे आपल्या बायका दुखणे सांगत नाहीत, म्हणून हिंदू स्त्री डॉक्टर हवी, ही त्यांची भूमिका होती. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. ती नेमणूक कागदावरच राहिली.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. शस्त्रक्रिया सुरक्षित होताच तिचा अतिरेक झाला. १८७२ पासून रॉबर्ट बॅटी आणि त्यांचे अनुयायी पाळीच्या त्रासासाठी, पुढे तर 'वातविकारा'साठीही, निरोगी बीजांडकोश काढू लागले. हा विज्ञानाचा विजय मानणारे तेव्हा थोडे नव्हते.

राहता राहिले निदान. ग्लासगोत इयान डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणारे ध्वनियंत्र पोटावर वापरून पाहिले. एका बाईला जठराचा असाध्य कर्करोग आहे, असे ठरले होते. पडद्यावर मात्र द्रवाने भरलेली मोठी पिशवी दिसली. ती बीजांडकोशाची साधी गाठ निघाली. शस्त्रक्रियेने ती काढली आणि बाई वाचली. ७ जून १८५८ नव्हे, १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा निबंध आला. मॅकडॉवेलनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी!

आज सोनोग्राफीत गाठ पाण्याची की घट्ट, आत पडदे किती, हे दिसते. गरज पडल्यास रक्तातील सीए-१२५ पाहतात. पाळीच्या वयात दिसणाऱ्या पुष्कळ साध्या गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. देठाला पीळ पडला, तर मात्र बीजांडकोश वाचवण्यासाठी त्वरेने शस्त्रक्रिया करावी लागते. दुर्बिणीतून काढायची गाठ शक्यतो पोटात फुटू देत नाहीत. पिशवीत घालून बाहेर घेतात, कारण ती कर्करोगाची निघाली तर पेशी पोटभर पसरतात.