शिकारीची शिक्षा
* कोयना अभयारण्यात शिकार करणाऱ्यास वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 किमान 3 ते कमाल 7 वर्षांची कैद सांगतो. कलम 51(5)मुळे प्रौढ दोषीला परिवीक्षेची सवलतही नाही. मग न्यायाधीशाच्या हाती उरते काय, असा आक्षेप येतो. उरतात मधली 4 वर्षे, आणि हातावर पोट असलेल्या घराला ती फार जड जातात. खवले मांजर विकणारा सराईत आणि सशासाठी फासे लावणारा मजूर यांना सारखीच शिक्षा देणे अन्यायाचे आहे. म्हणूनच दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली (दंडाधिकाऱ्यांसाठी कलम 248(2)). नव्या संहितेतही ती कायम आहे. अशा ऐकण्याने जंगलाचे संरक्षण सैल होत नाही, कारण 3 वर्षांची किमान मर्यादा सुटत नाही. ही सुनावणी केवळ उपचार म्हणून उरकणे चूकच.