हमीपत्र कोणत्या कलमात आहे?

बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः सिंदखेड राजा, लोणार, देऊळगाव राजा या बाजूला, लग्नसराईत एक वाक्य हमखास कानी येते: मुलगी अठराची नाही हे कळले तरी अक्षता पडेपर्यंत पोलिसांना काही करता येत नाही, आधी गुन्हा घडायला तर हवा! बोलणारा कधी वकील असतो, कधी ग्रामसेवक, तर कधी खुद्द ठाण्यातला जमादार. ऐकणारेही मान डोलावतात. पोलिसांचे हात बांधलेले आहेत, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचा उगम कुणी विचारतच नाही.

उगम आहे, आणि तो खोटा नाही. 1891 साली संमतिवय दहावरून बारावर गेले, तेव्हा टिळकांसह अनेकांचा मुख्य आक्षेप सरकारने घरात आणि धर्मात शिरण्याला होता. त्या भीतीची खूण कायद्यातही राहिली. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 561 प्रमाणे कमी वयाच्या बायकोशी संबंध ठेवल्याच्या नवऱ्यावरील आरोपाचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या पोलिसाकडे देताच येत नसे. 1929चा शारदा कायदा बालविवाहाला शिक्षा सांगत होता खरा, पण गुन्हा अदखलपात्र ठेवून. कुणीतरी न्यायालयात तक्रार करायची, आणि वर त्या तक्रारदाराकडूनच, नुकसानभरपाईची वेळ आली तर म्हणून, शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका घेतला जाई. म्हणजे हमी द्यायची ती लग्न लावणाऱ्या बापाने नव्हे, लग्न अडवू पाहणाऱ्याने! 1978च्या दुरुस्तीने पोलिसांना तपास करता येऊ लागला, मात्र वॉरंटशिवाय अटक तेव्हाही नव्हती.

तेव्हा आजोबांच्या काळचा जमादार ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणाला असेल तर तो खरेच बोलला. त्याचा नातू मात्र 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली नोकरी करतो. हा कायदा 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 15 ने गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र केला. या दोन शब्दांनी सगळे पारडे फिरते. कारण दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून मध्ये पडणे हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 मध्ये आहे. दुसरा इलाज नसेल तर प्रतिबंधक अटकेसाठी 170 आहे. शिवाय 2015चा बाल न्याय कायदा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोण हे सांगताना, घरच्यांकडून वयाआधी लग्न लावले जाण्याचा नजीकचा धोका असलेल्या मुलाचा वेगळा उल्लेख करतो. अशा मुलाला कोणताही पोलीस अधिकारी बाल कल्याण समितीपुढे नेऊ शकतो, आणि ताब्यात घेतले तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यावेच लागते. यातल्या कुठल्याही तरतुदीला अक्षता पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

यावर जाणकारांचे उत्तर तयार असते: आम्ही थांबवतोच की लग्ने. थांबवतात, हे मान्य. 1098 या बाल मदतवाहिनीवर फोन येतो, पथक जाते, मांडवात समुपदेशन होते, आईवडील ‘अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही’ असे हमीपत्र लिहून देतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी. एकवीस कलमांच्या त्या 2006च्या कायद्यात हे हमीपत्र मला कुठे सापडले नाही. कुणाला सापडल्यास कलम कळवावे.

कायद्यात आहे तो मनाई हुकूम. कलम 13 प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तो देतात. अर्ज बालविवाह प्रतिबंध अधिकारी करू शकतो, खात्रीलायक माहिती असलेला कुणीही तक्रार करू शकतो, न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकते. घाई असेल तर नोटीस न देता अंतरिम हुकूम निघतो. तो मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि कलम 14 प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल. हुकूम नसेल तर कलम 3 खाली लग्न कायद्याने उभे राहते, आणि ते रद्द करून घ्यायला त्या मुलीनेच न्यायालयात जायचे. हमीपत्र आणि हुकूम यांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे. देऊळगाव राजाहून जालना जिल्हा किती दूर? मलकापूरहून जळगाव? मांडव उचलून पलीकडे नेला की इकडच्या फायलीतले हमीपत्र तसेच राहते. हुकूम मात्र ज्यांच्यावर बजावला त्यांच्या मागोमाग जातो.

मग हमीपत्रच का? महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत प्रतिबंध अधिकारी हे काम ग्रामसेवकाच्या गळ्यात आहे. घरपट्टी वसूल करायची, ग्रामसभा घ्यायची आणि त्याच गावात सोयरीक मोडायची. त्याला समझोता हवा असतो, यात नवल नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2024 च्या निकालात या कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याबद्दल आणि दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून मनाई हुकूम काढण्याबद्दल सांगितले, ते यासाठीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पोलिसांना मोकळे सोडले की घरे मोडतात. फेब्रुवारी 2023 मध्ये आसामात हजारोंना अटक झाली, अनेक वर्षांपूर्वीची लग्ने उकरली गेली, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने अशा अटकांच्या गरजेवरच प्रश्न केला. पण तिथे वापरली गेली ती लग्नानंतरची शिक्षा. मी बोलतो आहे ते लग्नाआधीच्या अधिकाराबद्दल. हुकूम पाळला तर त्याने कुणी तुरुंगात जात नाही, मुलगीही सहसा स्वतःच्याच घरी राहते, कारण संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असे बाल न्याय कायदाच सांगतो. आणि मुलाला धोका नेहमी घरातूनच असतो असेही कायदा धरून चालत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतील आदिवासी मुलींच्या लैंगिक छळाचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा धोका सरकारमान्य वसतिगृहात होता. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याचे कलम 19 याच विवेकावर उभे आहे: मुलाला संरक्षणाची गरज आहे का हे पोलिसांनी ठरवायचे, कारणे लेखी नोंदवायची, आणि गरज दिसल्यास चोवीस तासांत सोय करायची. कारणे लेखी द्यावी लागणे हाच इथला लगाम आहे.

बांधलेल्या हातांबद्दल एक कुतूहल राहतेच. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने निघून गेली आणि बापाने तक्रार दिली, की तेच ठाणे त्याच दिवशी अपहरणाचा गुन्हा नोंदवते. बेपत्ता मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2013चा निकालही तसेच सांगतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. मोबाईलचे लोकेशन काढले जाते, पथक पुण्या-सुरतेला जाते, मुलगी परत येते. त्या वेळी ठाण्याला ना मनुष्यबळ कमी पडते, ना अधिकार. ती ठरवलेल्या लग्नाला कंटाळून गेली होती का, हे बाल कल्याण समितीपुढे नेऊन विचारण्याआधीच तिला बापाच्या हवाली करायची घाई मात्र दिसते. अधिकार आहेतच, ते कुणाच्या सांगण्यावरून चालतात एवढाच वाद उरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमणे बाल न्याय कायद्याच्या कलम 107 ने बंधनकारक केले आहे. उद्याच्या हळदीची खबर आज संध्याकाळी आली तर त्याने काय करावे? शाळेचा दाखला मिळवावा, ग्रामसेवकाला सोबत घ्यावे आणि कलम 13चा अर्ज लिहावा. सुट्टी असली तरी रिमांडसाठी कुठले ना कुठले दंडाधिकारी बसतातच. चोरीतल्या आरोपीला ज्यांच्यापुढे उभे करायचे, त्यांच्याच टेबलावर हाही कागद ठेवता येतो.