पिकअपचा एसी गार हवा देत नाही? गॅस भरण्याआधी या गोष्टी तपासा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दूध, भाजीपाला, द्राक्षं, हळद यांची ने-आण मोठ्या प्रमाणावर पिकअपमधून होते. मे महिन्यात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पारा 40 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात दिवसाला दोन-तीन खेपा करणाऱ्या चालकासाठी एसी ही चैन राहत नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, 3.5 टनांहून जास्त एकूण वजनाच्या ट्रकना केंद्र सरकारने वातानुकूलित केबिन बंधनकारक केली आहे. बहुतेक पिकअप या वजनाच्या आतल्या गटात येतात, त्यामुळे हा नियम त्यांना लागू होत नाही. एसी असलाच तर तो नीट ठेवण्याचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

आणि एसी गार पडेना झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "गॅस संपला असेल, भरून टाका." अनेकदा पैसे वाया जातात ते इथेच.

एसीतला गॅस संपतो का?

डिझेल जळतं, तसा हा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो.

रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपणं स्वाभाविक आहे. पण भरलेला गॅस एका उन्हाळ्यातच कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे असं समजावं.

लक्षणांवरून काय कळतं?

- हवा गार आहे, पण जोर नाही: ब्लोअर किंवा केबिन फिल्टर तपासा. फिल्टर नसलेल्या गाड्यांमध्ये धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते.
- धावताना गार, थांबल्यावर किंवा घाटात गरम: कंडेन्सरचा फॅन बंद असेल किंवा जाळी तुंबली असेल. खंबाटकी किंवा पसरणी घाटात माल भरून संथ चढताना समोरून वारा कमी मिळतो, म्हणून हा दोष तिथे लवकर दिसतो.
- सुरुवातीला गार, मग हवा येणंच कमी: कॉइलवर बर्फ धरला असण्याची शक्यता आहे. एसी बंद करून ब्लोअर 15-20 मिनिटं चालू ठेवल्यावर हवा पुन्हा नीट आली, तर सेन्सर, तुंबलेली कॉइल आणि गॅसचं प्रमाण तपासून घ्यावं.
- हवा अजिबात गार नाही: एसी चालू करताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक' असा आवाज येतो का, ते ऐका. येत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग बघावं. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विचही कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांमध्ये क्लचच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.
- क्लच लागतो, तरी गरम: बेल्ट सैल आहे का ते बघावं. तापमानाची खुंटी गार बाजूला फिरवूनही हीटरची झडप उघडीच राहत असेल, तर गार हवेत गरम हवा मिसळते.

इंजिन चालू असताना बेल्ट आणि फॅनजवळ हात नेऊ नये.

घरच्या घरी काय करता येतं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कंडेन्सरची सफाई. उसाच्या हंगामात कराड, वाळवा भागातल्या रस्त्यांवर पाचट आणि धूळ उडते. ती जाळीत अडकली की उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन थंड असताना साध्या पाइपच्या पाण्याने जाळी धुवावी. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीची पातळ पाती वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

गॅसच्या नळ्या मात्र स्वतः सोडू नयेत. आजच्या बहुतेक गाड्यांमधला आर-134ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे 26 अंशांना उकळतो. तो अंगावर उडाला तर त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते.

गॅरेजमध्ये काय बघावं?

मेकॅनिक दोन गेज लावतो. एसी चालू असताना दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही जास्त असतील, तर कंडेन्सर तुंबलेला असतो किंवा गॅस जादा झालेला असतो. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसर थकल्याची शंका घ्यावी. एसी बंद असतानाच्या दाबावरून मात्र गॅस पुरेसा आहे की नाही, हे ठरत नाही.

गळती शोधायला साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब किंवा अल्ट्राव्हायोलेट डाय वापरतात. सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर ती गळतीची खूण असू शकते. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर जातं. म्हणून गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरत राहिलं, तर शेवटी कॉम्प्रेसरच जाम होऊ शकतो आणि किरकोळ ओ-रिंगऐवजी मोठं बिल येतं.

गॅस भरून घेताना

गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणं गरजेचं असतं. सिस्टिम उघडली असेल तर ड्रायरही बदलावा. गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरावा. किती ग्रॅम हवा ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. जादा गॅसनेही गारवा कमी होतो. स्वस्त पर्याय म्हणून एलपीजी भरून घेऊ नये. तो ज्वालाग्राही आहे.

उरलेला गॅस हवेत सोडणंही टाळावं. 100 वर्षांच्या काळात 1 किलो आर-134एमुळे सुमारे 1,400 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली आहे.

एसीसाठी गाडी गॅरेजला लावताना तीन प्रश्न विचारावेत: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ केला आणि गॅस किती ग्रॅम भरला? ही उत्तरं बिलावर लिहून घेतली, तर पुढच्या उन्हाळ्यात तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.